अकरा बाटल्या आणि एक लहानशी डबी : पोटाच्या तक्रारींमागचे कारण शोधताना

आहारसल्लागार म्हणून काम करताना हाताळलेले हे एक प्रकरण आहे. संबंधित महिलेच्या संमतीने ते लिहिले आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. यात दुर्मीळ आजार नाही, नवा उपचारही नाही. तरीही ते सविस्तर मांडावेसे वाटले, कारण बरे वाटावे म्हणून सुरू केलेल्या गोष्टीच त्रासाचे कारण ठरल्या होत्या आणि हे लक्षात यायला त्यांना जवळजवळ वर्ष लागले. एका कारणापर्यंत पोहोचायला मलाही नको तितका वेळ लागला.

पार्श्वभूमी

महिलेचे वय ३८, काम बैठे, पूर्वीचा मोठा आजार नाही. सुमारे वर्षभरापूर्वी थकवा आणि केस गळणे या तक्रारींसाठी त्यांनी रक्ततपासणी केली. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रमाण, ९ म्हणजे बरेच कमी आले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. इथपर्यंत सारे योग्यच होते. पुढे काय घडले ते मात्र क्रमानेच वाचायला हवे, कारण त्या क्रमातच या प्रकरणाची उकल आहे.

लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता झाली, म्हणून त्यांनी रात्री मॅग्नेशियम घ्यायला सुरुवात केली. छातीत जळजळ होऊ लागल्यावर चघळायच्या कॅल्शियमयुक्त आम्लपित्तनाशक गोळ्या आल्या. लोह नीट शोषले जावे म्हणून क जीवनसत्त्वाची १००० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सुरू झाली. केसांसाठी १० मिलिग्रॅम बायोटिन आणि ५० मिलिग्रॅम जस्त, शिवाय सर्वसाधारण अशक्तपणासाठी एक बहुजीवनसत्त्व गोळी आली, तिच्यातही थोडे जस्त होतेच. मग शौचाला पातळ होऊ लागले, पोट फुगू लागले. त्यावर उपाय म्हणून प्रोबायोटिक कॅप्सूल आणि तंतुमय पदार्थांची पावडर सुरू झाली. याच सुमारास त्यांनी आधी दूध सोडले, मग गहू, मग डाळी आणि कडधान्ये. आहारातली प्रथिने कमी झाली म्हणून प्रथिनांची पावडर आली. ड जीवनसत्त्व तपासणीत कमी आढळल्याने तेही चालू होते.

पहिल्या भेटीत त्यांनी कापडी पिशवीतून एकेक बाटली काढून टेबलावर मांडली. अकरा बाटल्या झाल्या. प्रत्येकीच्या झाकणावर त्यांनी पेनाने घेण्याची वेळ लिहिली होती. त्या म्हणाल्या, "एवढं सगळं घेऊनही बरं वाटत नाही, म्हणजे अजून काहीतरी कमी पडतंय." हे वाक्य मी त्याच दिवशी नोंदवून ठेवले. त्यांचा निष्काळजीपणा कुठेही नव्हता. उलट, प्रत्येक त्रासाला त्यांनी मनापासून उत्तर शोधले होते. अडचण इतकीच होती की प्रत्येक उत्तरातून पुढचा त्रास जन्माला येत होता.

समस्या

दिवसातून पाच-सहा वेळा शौचाला जावे लागत होते. मलाचे स्वरूप ब्रिस्टल तक्त्यानुसार बहुतेक वेळा सहाव्या प्रकारचे, म्हणजे मऊ आणि विस्कळीत होते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तक्त्यात मलाचे सात प्रकार चित्रांसह दिलेले आहेत. 'पातळ होते' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळे मी तो तक्ता समोर ठेवूनच बोलते. दुपारनंतर पोट एवढे फुगे की कमरेचे बटण सैल करावे लागे. पाच महिन्यांत वजन ५८ किलोवरून ५२ किलोवर आले होते. थकवा कायम होता आणि केस पूर्वीपेक्षा जास्त गळत होते.

यात आणखी दोन अहवालांनी गुंता वाढवला होता. एका तपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक) कमी आणि टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) जास्त आले होते, म्हणजे कागदावर तरी थायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील दिसत होती. पातळ शौच, वजन घटणे, केस गळणे ही लक्षणेही तिच्याशी जुळत होती. दुसरा अहवाल सीलिअॅक आजाराच्या, म्हणजे गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराच्या चाचणीचा, टीटीजी-आयजीए या प्रतिपिंडाचा होता. तो सामान्य होता, पण रक्त दिले तेव्हा त्यांनी गहू सोडून तीन महिने झाले होते. ग्लुटेन बंद असताना ही प्रतिपिंडे हळूहळू कमी होत जातात, म्हणून अशा अहवालावरून आजार नाही असे म्हणता येत नाही.

पहिला निर्णय : आधी कोणाकडे?

वजन घटणे आणि लोहाची कमतरता या दोन्ही धोक्याच्या खुणा आहेत. मलातून रक्त जात नव्हते, ताप नव्हता, शौचासाठी झोपेतून उठावे लागत नव्हते आणि कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास नव्हता. तरीही आहारात कोणताही बदल सुचवण्याआधी त्यांनी पोटविकारतज्ज्ञांना भेटावे, असा आग्रह मी धरला. त्या थोड्या नाराज झाल्या, कारण त्यांना तपासण्यांचा कंटाळा आला होता. पण आहारबदलाने लक्षणे दबली आणि आतड्याचा दाह तसाच राहिला, तर नुकसान त्यांचेच झाले असते.

तज्ज्ञांनी मलातील कॅल्प्रोटेक्टिनची तपासणी केली. आतड्यात दाह असेल तर हे प्रथिन वाढते. ते सामान्य होते. रक्ततपासण्या मात्र त्यांनी मुद्दाम पुढे ढकलल्या आणि त्याचे कारण बायोटिन होते.

हा मुद्दा थोडा खोलात जाऊन सांगणे आवश्यक आहे. प्रौढ व्यक्तीला बायोटिन दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरेसे मानले जाते. १० मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या तीनशेपटींहून जास्त. एवढ्या मात्रेने शरीरावर सहसा थेट वाईट परिणाम होत नाही, पण अनेक प्रयोगशाळांतील चाचण्या बायोटिन आणि चाचणीत वापरले जाणारे स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांच्या घट्ट बंधावर आधारलेल्या असतात. रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर ते त्या बंधात लुडबुड करते. चाचणीच्या रचनेनुसार टीएसएच खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दिसते, म्हणजे निरोगी माणसाच्या अहवालावर थायरॉइडच्या आजाराचे हुबेहूब चित्र उमटते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. आमच्या प्रकरणात थायरॉइडचे औषध सुरू करण्याची चर्चा झालेली होती. ते सुरू झाले असते तर काय झाले असते, या विचाराने मी आजही अस्वस्थ होते.

कोणते पर्याय समोर होते?

पहिला पर्याय त्यांनी स्वतःच वाचून आणला होता : कमी फॉडमॅप आहार. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीत आतड्यात आंबणाऱ्या आणि पाणी ओढून घेणाऱ्या काही कर्बोदकांना दोन ते सहा आठवडे बाजूला ठेवतात आणि नंतर ती एकेक करून परत आणतात. पद्धत उपयुक्त आहे, मी ती अनेकदा वापरते. पण सहा किलो वजन गमावलेल्या आणि आधीच तीन अन्नगट सोडलेल्या व्यक्तीला आणखी लांबलचक वर्ज्य यादी देणे मला योग्य वाटले नाही. त्यांच्या बोलण्यात अन्नाची भीती डोकावू लागली होती. प्रत्येक घासाकडे संशयाने पाहण्याची सवय एकदा लागली की ती पोटाच्या तक्रारीपेक्षा चिवट ठरते.

दुसरा पर्याय होता रक्तातील आयजीजी प्रतिपिंडांवरून 'न पचणाऱ्या' पदार्थांची यादी काढून घेण्याचा. तो मी नाकारला. ही प्रतिपिंडे आपण काय खातो ते दाखवतात, काय सोसत नाही ते नव्हे. अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनाही ही चाचणी या कामासाठी ग्राह्य मानत नाहीत.

तिसरा पर्याय पूरके एकेक करून थांबवण्याचा होता. कारण नेमके सापडण्याच्या दृष्टीने तो सर्वांत शुद्ध, पण अकरा वस्तूंना प्रत्येकी आठवडा दिला तरी अडीच महिने लागले असते. चौथा पर्याय म्हणजे लोह सोडून सर्व पूरके एकाच दिवशी बंद करायची, आहार मात्र आहे तसाच ठेवायचा आणि दोन आठवडे फक्त नोंदी ठेवायच्या. यात दोषी कोण ते लगेच कळत नाही, पण दोष बाटल्यांत आहे की ताटात, एवढे निश्चित कळते. त्या टप्प्यावर तोच प्रश्न महत्त्वाचा होता. पोटविकारतज्ज्ञांशी बोलून आम्ही चौथा पर्याय निवडला.

संशयामागचे गणित

सर्व बंद करण्यामागे अंदाज नव्हता, हिशेब होता. पूरकांतून मिळणाऱ्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा अमेरिकेत ३५० मिलिग्रॅम धरली जाते, त्यापुढे जुलाब होऊ शकतात. त्यांची गोळी ४०० मिलिग्रॅमची होती. क जीवनसत्त्वाची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे आणि त्या रोज नेमक्या त्या काठावर होत्या. हे दोन्ही घटक न शोषले गेल्यास आतड्यात पाणी ओढतात. शिवाय लोहासोबत क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी दिल्याने रक्त लवकर भरून येते का, हे तपासणारी एक तुलनात्मक चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात दोन गटांत फरक आढळला नाही. जस्ताची मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त जस्त दीर्घकाळ घेतल्यास तांब्याचे शोषण कमी होते आणि त्यातूनही रक्तक्षय होऊ शकतो, म्हणून तज्ज्ञांनी तांब्याचीही तपासणी यादीत घातली.

सर्वांत बोलका निघाला तंतुमय पावडरीच्या डब्यावरचा मजकूर. त्यात मुख्य घटक इन्युलिन होता. प्रोबायोटिक कॅप्सूलमध्येही जिवाणूंचे खाद्य म्हणून तोच, आणि प्रथिनांच्या पावडरीतही थोडा. इन्युलिन हे फ्रुक्टॅन, म्हणजे आतड्यात आंबणाऱ्या कर्बोदकांपैकी एक आहे. गहू, कांदा आणि लसूण यांच्यामुळे ज्यांचे पोट फुगते, त्यांच्या बाबतीत बहुधा हेच कुळ जबाबदार असते. २०१८ मध्ये नॉर्वेत ५९ जणांवर झालेल्या अभ्यासात, स्वतःला ग्लुटेन सोसत नाही असे मानणाऱ्या लोकांना प्रत्यक्षात ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टॅनने जास्त त्रास झाल्याचे दिसले होते. आमच्या प्रकरणात गव्हातला थोडासा फ्रुक्टॅन टाळण्यासाठी अख्खा गहू सोडला गेला होता आणि त्याच वेळी त्याहून कितीतरी जास्त फ्रुक्टॅन चमच्याने मोजून पाण्यात ढवळून घेतला जात होता. डबा हातात धरून मी त्यांना ती ओळ दाखवली तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पहिले दोन आठवडे

सहाव्या दिवशी शौचाची संख्या पाच-सहावरून तीनवर आली. मलाचे स्वरूप पाचव्या प्रकारचे झाले. लोह चालूच होते, पण कॅल्शियमच्या गोळ्या बंद झाल्याने त्याच्या शोषणातला एक अडथळा दूर झाला. चहा आणि लोहाची गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवायला सांगितले. नवव्या दिवशी रक्त दिले. टीएसएच १.९, टी-४ सामान्य. थायरॉइडचा प्रश्न तिथेच निकाली निघाला. हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन १२, तांबे आणि बी-१२ सामान्य. म्हणजे लोहाची कमतरता खरी होती आणि इतक्या महिन्यांच्या गोळ्यांनी ती जेमतेम हलली होती.

लोह जाते कुठे, हा प्रश्न तज्ज्ञांनी विचारला आणि उत्तर एका वाक्यात मिळाले : पाळीच्या वेळी त्यांना सात-आठ दिवस भरपूर रक्तस्राव होत असे. वर्षभर कोणीही हे विचारले नव्हते. मीसुद्धा पहिल्या भेटीत विचारले नव्हते. त्यांना स्वतःला ते नेहमीचेच असल्याने सांगावेसे वाटले नव्हते. त्यानंतर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे स्वतंत्र उपचार सुरू झाले.

दुसरा निर्णय : फुगणे का थांबत नाही?

सोळाव्या दिवशी आम्ही नोंदवही उघडून बसलो. शौच सुधारले होते, पण दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान पोट फुगणे तसेच होते. आता कमी फॉडमॅप आहार सुरू करूया, असे त्यांनी पुन्हा सुचवले आणि मीही जवळजवळ तयार झाले होते. पाने पुन्हा चाळताना एक गोष्ट दिसली. कामाच्या प्रत्येक दिवशी फुगण्यापुढे त्रासाच्या तीव्रतेचा आकडा तीन किंवा चार होता आणि सुट्टीच्या चारही दिवशी शून्य किंवा एक. जेवण दोन्हीकडे जवळपास सारखे. मग कामाच्या ठिकाणी वेगळे काय असते?

"काहीच नाही," असे म्हणत त्यांनी पर्समधून एक चपटी पत्र्याची डबी काढली आणि एक पांढरी गोळी तोंडात टाकली. बिनसाखरेच्या पुदिन्याच्या गोळ्या होत्या. तोंडाला धातूसारखी चव येते म्हणून त्यांनी त्या सुरू केल्या होत्या, आणि ती चव बहुधा लोह आणि जस्ताची होती. ऑफिसात दिवसाला पंधरा-सोळा गोळ्या होत असत. डबीच्या मागे बारीक अक्षरांत सॉर्बिटॉल आणि झायलिटॉल ही साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड द्रव्यांची नावे होती आणि त्याखाली अति सेवनाने जुलाब होऊ शकतात अशी सूचना होती. एक गोळी साधारण एक ग्रॅमची आणि जवळपास सगळी सॉर्बिटॉलचीच. संवेदनशील व्यक्तीला दिवसाला पाच ते दहा ग्रॅम सॉर्बिटॉलनेही पोट फुगू शकते. ही डबी अन्न नव्हती आणि औषधही नव्हती, म्हणून ती ना आहाराच्या नोंदीत आली ना पूरकांच्या यादीत.

गोळ्या थांबवल्यावर पुढच्या आठवड्यात दुपारचे आकडे एकवर आले. चौथ्या आठवड्याच्या शेवटी शौच दिवसातून एक-दोन वेळा आणि चौथ्या प्रकारचे, म्हणजे नेहमीचे होत होते. कमी फॉडमॅप आहाराची गरज उरली नाही.

तिसरा निर्णय : गहू परत आणायचा का?

लक्षणे थांबल्यावर गव्हाला पुन्हा हात लावायला त्या तयार नव्हत्या आणि त्यांची भीती समजण्यासारखी होती. पण सीलिअॅक आजाराचा प्रश्न अर्धवट होता आणि लोहाची कमतरता असलेल्या व्यक्तीत तो अर्धवट सोडणे बरोबर नव्हते. गहू न खाताच उत्तर शोधण्याचा एक मार्ग म्हणजे जनुकीय चाचणी. ती नकारात्मक आली तर आजाराची शक्यता जवळजवळ संपते, पण सकारात्मक आली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ती जनुके निरोगी लोकांतही सर्रास आढळतात. आम्ही तिन्ही बाजूंनी बोललो आणि रोज थोडा गहू सहा आठवडे खाऊन पुन्हा रक्त तपासायचे ठरले. त्रास झाला तर थांबण्याचा अधिकार पूर्णपणे त्यांचा, हे मी स्पष्ट सांगितले आणि त्याने बराच फरक पडला असे मला वाटते.

पहिल्या तीन दिवसांत पोट किंचित जड वाटले, नंतर तेही नाही. सहा आठवड्यांनी टीटीजी-आयजीए सामान्य आणि एकूण आयजीएही सामान्य आले. एकूण आयजीए पाहणे आवश्यक असते, कारण ज्यांच्या शरीरात हे प्रतिपिंड मुळातच कमी असते त्यांचा टीटीजी-आयजीएचा अहवाल फसवा असू शकतो.

माझ्या हातून झालेली चूक

सहाव्या आठवड्यात, मॅग्नेशियम बंद असल्याने आणि लोह चालू असल्याने, थोडी बद्धकोष्ठता परतली. मी ईसबगोल सुचवले, कारण ते आतड्यात फारसे आंबत नाही. त्याच आठवड्यात डाळींचीही सुरुवात करून दिली. प्रगती चांगली चालली होती आणि मला घाई झाली. चार दिवसांनी पोट पुन्हा फुगले आणि दोहोंपैकी कशाने, हे सांगता येईना. दोन्ही थांबवून, आठवडाभर वाट पाहून, पुन्हा एकेक सुरू करावे लागले. एका वेळी एकच बदल हा नियम मी इतरांना रोज सांगते. या वेळी तो मी मोडला, त्यात त्यांचे दहा-बारा दिवस गेले आणि परत आलेला थोडा विश्वासही डळमळला. शेवटी दिसले ते असे : ईसबगोल एक चमचा, भरपूर पाण्याबरोबर, सहज सोसले. डाळी अर्धी वाटी चालल्या, मोठी वाटी चालली नाही. दूध एका वेळी पेलाभर घेतले तरी काही झाले नाही. कच्चा कांदा जास्त खाल्ला तर मात्र पोट फुगते आणि ते त्यांना मान्य आहे.

परिणाम आणि आजची स्थिती

लोहाच्या गोळीची पद्धत तज्ज्ञांनी तिसऱ्या आठवड्यात बदलली : रोज दोनऐवजी एक दिवसाआड एक. लोह घेतल्यावर हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि साधारण दिवसभर पुढच्या गोळीचे शोषण अडवते. त्यामुळे कमी वेळा घेतलेले लोह प्रमाणाने जास्त शोषले जाते, पोटालाही कमी त्रास देते. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.३ आणि फेरिटिन ३४ झाले. या सुधारणेत गोळीच्या नव्या वेळापत्रकाचा वाटा किती आणि रक्तस्राव आटोक्यात आल्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही. वजन ५६ किलोवर आले.

आज अकरा बाटल्यांपैकी लोह आणि ड जीवनसत्त्व या दोनच चालू आहेत, कारण कमतरता तपासणीत दिसली ती या दोहोंचीच. ड जीवनसत्त्व मी दुसऱ्या टप्प्यात परत सुरू करायला सांगितले, कारण ते शरीरात साठते आणि काही आठवड्यांच्या खंडाने बिघडत नाही.

वेगळे काय करता आले असते? पहिल्याच भेटीत 'काय खाता' आणि 'कोणत्या गोळ्या घेता' एवढ्यावर न थांबता, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जाते, असे विचारायला हवे होते. च्युइंगगम, खोकल्याच्या गोळ्या, बिनसाखरेची पेये या सगळ्यांचा माझ्या प्रश्नावलीत आता स्वतंत्र रकाना आहे आणि पाळीचाही आहे. रक्तस्रावाचा प्रश्न वर्षभरापूर्वीच विचारला गेला असता तर कदाचित पहिली बाटली सोडून पुढची एकही आली नसती.

केस गळणे कमी झाले आहे, पण थांबलेले नाही. लोहाचा साठा भरल्यावरही केसांना अनेक महिने लागतात, हे मी त्यांना सुरुवातीलाच सांगितले होते. हिमोग्लोबिन सामान्य झाले तरी साठा भरून येण्यासाठी लोह आणखी तीन महिने चालू राहील. त्यानंतर फेरिटिन पुन्हा तपासून गोळी थांबवायची की नाही ते ठरेल.